लांबच्या प्रवासासाठी गाडीतला फ्रिज: कोणता घ्यावा?

भटकी_पुणेकर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये पुण्याहून स्पितीला गाडीने जायचं ठरलंय. धुळे–इंदूर–कोटा–जयपूर–चंडीगड, मग नारकंडा, कल्पा, काझा, आणि रस्ता उघडला असेल तर कुंझुममार्गे मनालीला उतरायचं. गाडी सात आसनी डिझेल, माणसं पाच. त्यात सासूबाई आहेत, त्यांना रोज इन्सुलिन लागतं. धाकटं दोन वर्षांचं आहे, त्याचं दूध-दही सांभाळायचं.

गाडीत चालणारा फ्रिज घ्यावा असं वाटतंय. ऑनलाइन पाहिलं तर काही हजारांपासून त्याच्या कित्येक पटींपर्यंत किमती आहेत. दिसायला सगळे डबे सारखेच, आणि सगळ्यांवर "कूल" लिहिलेलं. यात नेमका फरक काय? गाडीची बॅटरी उतरणार नाही ना? मुक्काम बहुतेक हॉटेलात किंवा होमस्टेमध्ये, एखाद-दुसरी रात्र तंबूत. ज्यांनी वापरलाय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

आंबाघाट

वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे.

वीजतंत्री

ताई, मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

किमतीतला फरक आतल्या यंत्रणेचा आहे. स्वस्त डब्यांत पेल्टिए मोड्यूल असतं. विजेचा प्रवाह सोडला की त्याची एक बाजू गार होते, दुसरी तापते. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांना १८३४ साली सापडलेला हा परिणाम. त्यात गॅस नाही, काँप्रेसर नाही, हलणारा भाग म्हणजे फक्त पंखे. म्हणून स्वस्त आणि हलकं. पण हा डबा बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश खालीच नेऊ शकतो. एसी चालू असलेल्या गाडीत २६ अंश असतील तर आत ८–१० मिळतील, छान वाटेल. जेवायला ढाब्यावर थांबलात, गाडी कोट्याच्या उन्हात उभी राहिली की आतली हवा ५५–६० अंशांवर जाते. मग डब्यात ४० अंश, तेही डबा चालू असेल तर. आणि यातल्या बहुतेकांना थर्मोस्टॅट (गार झालं की आपोआप बंद करणारा भाग) नसतो, सतत ४–५ अँपिअर ओढत राहतात. दिवसभर चालू ठेवला तर हजार वॉट-तासांच्या (वॉट गुणिले तास, वापरलेल्या विजेचं माप) वर जातो. कमी गार करून जास्त वीज खाणारी वस्तू आहे ती. दुकानदार हे सांगत नाहीत याचा मला मनापासून राग येतो, कारण लोक त्यात औषधं ठेवतात.

दुसरा प्रकार काँप्रेसरचा. आपल्या घरच्या फ्रिजसारखाच, फक्त काँप्रेसर १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. बाहेर ४५ असो, आत हवे ते ४–५ अंश मिळतात, बऱ्याच मॉडेलमध्ये उणे १८ सुद्धा. चालू असताना ४०–६० वॉट घेतो, पण गार झाला की थांबतो. चांगल्या इन्सुलेशनच्या ३५–४० लिटरच्या फ्रिजला उन्हाळ्यात दिवसाला ३०० ते ५०० वॉट-तास धरा, झाकण किती वेळा उघडता त्यावर आहे.

तिसरा अ‍ॅब्सॉर्प्शनचा. गॅस सिलिंडर, १२ व्होल्ट आणि घरची वीज, तिन्हींवर चालतो. कॅराव्हॅनमध्ये असतो. तो जवळपास सपाट जागेवरच नीट चालतो, आणि चालत्या गाडीत ज्योत पेटवायची नसते. घाटात त्याचा उपयोग नाही, सोडून द्या.

तुमच्या प्रवासाला काँप्रेसरच. इन्सुलिन आहे म्हटल्यावर यात दुसरा विचार नको.

सुरमईप्रेमी

मी जरा वेगळं बोलतो. आम्ही हर्णै बंदरावरून मासळी घेऊन ताम्हिणीमार्गे पुण्यात येतो. थर्मोकोलची पेटी, खाली बर्फ, मधे मासळी, वर बर्फ, झाकणाला चिकटपट्टी. पापलेट घरी येतं ते बंदरावर घेतलं तसंच. फ्रिजच्या नादी लागायची गरज कधी वाटली नाही. मासळीला तर ४ अंशांपेक्षा शून्याजवळचा बर्फच बरा. फक्त लादी न घेता फोडलेला बर्फ घ्यायचा, म्हणजे माशाला सगळीकडून लागतो, आणि वितळलेलं पाणी तळाला साचू द्यायचं नाही. मासळी त्या पाण्यात पडली की चव गेलीच.

तुम्हाला वाटेत प्रत्येक शहरात बर्फ मिळेल. एवढा खर्च कशाला?

वीजतंत्री

सुरमईप्रेमी, बर्फाला मी कमी लेखत नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे सुमारे ९३ वॉट-तास. १० किलो बर्फ म्हणजे ९३० वॉट-तासांची थंडी, तीही किरकोळ पैशांत, एकही वायर न जोडता. एका दिवसाच्या प्रवासाला, बाजारातून घरी काही आणायला, पाण्याच्या बाटल्या-सरबताला बर्फाची पेटी उत्तमच आहे.

पण पातळ थर्मोकोलच्या पेटीत, ४० अंशांच्या हवेत, १० किलो बर्फ दिवसभर टिकेल फार तर. पुढचे दोन-तीन दिवस रोज बर्फाचा कारखाना शोधत हिंडायचं, तेही लहान मूल घेऊन. आणि औषधाचं काय?

औषधवाली

औषधाचं मी लिहिते. माझं मेडिकलचं दुकान आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न सतत येतो.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली खोलीच्या तापमानाला चालते. कंपनीप्रमाणे मर्यादा २५ किंवा ३० अंशांची, आणि मुदत बहुतेकांची चार आठवड्यांच्या आसपास. तुमच्या पेनच्या खोक्यातला कागद वाचा, त्यावर लिहिलेलं असतं तेच खरं धरायचं. म्हणजे सगळं इन्सुलिन फ्रिजमध्ये लागतं असं नाही, पण ४५ अंशांत हातातल्या पिशवीतलंही चालत नाही.

लोक उष्णतेला घाबरतात आणि गोठण्याकडे दुर्लक्ष करतात. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. वितळल्यावर ते दिसायला कधी कधी अगदी ठीक दिसतं, पण त्याचा भरवसा राहत नाही. बर्फाच्या पेटीत पेन थेट बर्फाला टेकवून ठेवणं म्हणूनच धोक्याचं, विशेषतः फ्रीझरमधल्या जेल पॅकला, कारण तो शून्याच्या बराच खाली असतो. काँप्रेसर फ्रिजमध्येसुद्धा आतली भिंत सर्वांत थंड असते. पेनं आधी झाकणाच्या छोट्या डब्यात, डबा टॉवेलात, आणि तो टोपलीच्या मधोमध. फ्रिज ५ वर लावा, २ वर नको.

फ्रिजच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याचा सेन्सर भिंतीजवळ असतो, औषध असतं दुसरीकडे. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो औषधाच्या डब्यातच टाका. सकाळी पाहिलं की रात्रभरात काय झालं ते कळतं.

आणखी एक. सगळा साठा एकाच ठिकाणी ठेवू नका. अर्धा फ्रिजमध्ये, अर्धा वेगळ्या पिशवीत. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व माठाचं. पाणी उडून जाताना थंडावा देतं. राजस्थानच्या कोरड्या हवेत त्या छान चालतात, कोकणच्या दमट हवेत तेवढ्या नाहीत. वापरातल्या पेनासाठी ती पुरेल. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं नाव वेगळं लिहून सोबत ठेवा, वाटेत नवं घ्यायची वेळ आली तर.

भटकी_पुणेकर

औषधवाली ताई, खूप खूप आभार. गोठण्याचं मला माहीतच नव्हतं. स्पितीत रात्री गाडीतच राहिलं तर?

औषधवाली

काझ्याला जूनमध्ये रात्री बऱ्यापैकी गारठा असतो, चंद्रतालसारख्या सव्वाचार हजार मीटरच्या जागी पारा शून्याजवळ जाऊ शकतो. तिथे प्रश्न उलटा होतो. औषध गाडीत ठेवायचंच नाही. खोलीत घ्या, तंबूत असाल तर अंगाजवळ, जाकिटाच्या आतल्या खिशात. काही फ्रिजमध्ये गरम करायचीही सोय असते, पण इन्सुलिनला तिचा वापर करू नका, ती अन्न गरम ठेवण्यासाठी असते.

घाटमाथा

माझ्याकडे ४० लिटरचा चिनी बनावटीचा काँप्रेसर फ्रिज आहे. सह्याद्रीत, कच्छच्या रणात, सगळीकडे हिंडलाय. फ्रिज चांगला आहे, पण सुरुवातीला फार छळलं त्याने. गाडीची बॅटरी नवी, तरी रात्री एरर दाखवून बंद. गाडी चालू केली की पुन्हा सुरू. विकणाऱ्याने हात वर केले. शेवटी कळलं की फ्रिजला दोष नव्हता, डिकीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला जाणारी वायर बारीक होती. वीजतंत्री यावर नीट सांगू शकतील.

खड्ड्यांत तो सॉकेटचा प्लग सैल होऊन निघतो, हाही वैताग. आपल्याला वाटतं फ्रिज चालू आहे, आणि संध्याकाळी दूध नासलेलं.

वीजतंत्री

घाटमाथा यांनी अगदी मुद्द्याचं लिहिलं. माझ्याकडे येणाऱ्या "फ्रिज बिघडला"च्या तक्रारींत ही फार वेळा निघते.

या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी तीन पायऱ्या असतात: लो, मीडियम, हाय. बॅटरीचा दाब (व्होल्टेज) ठरावीक आकड्याखाली गेला की फ्रिज स्वतःहून थांबतो, म्हणजे सकाळी गाडी सुरू होते. हाय म्हणजे लवकर थांबणार, मॉडेलनुसार ११ ते ११.८ व्होल्टच्या आसपास. गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवताना नेहमी हाय. वेगळी बॅटरी असेल तर लो चालेल.

आता वायर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. वायर १ चौरस मिलिमीटरची असेल तर ५ अँपिअरला जवळजवळ ०.८६ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीत १२.४ आहेत, फ्रिजला दिसतात ११.५. त्याला वाटतं बॅटरी उतरली, तो बंद होतो. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची घातली तर तूट ०.१४ व्होल्टवर येते. फ्रिज तोच, बॅटरी तीच, आणि तक्रार संपली.

म्हणून थेट बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढून घ्या, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, डिकीत अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा जाड प्लग). तो खड्ड्यांत निघत नाही. फ्यूज बॅटरीजवळच हवा, डिकीकडे नको, कारण वाटेत कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर आग तिथेच लागते. गाडीच्या मूळ वायरिंगला कापाकापी करू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येतो. आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

इन्व्हर्टर लावून त्यावर २३० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असला द्राविडी प्राणायाम टाळा. बॅटरीच्या १२ चे २३०, मग पुन्हा १२, यात वीज फुकट जाते.

आंबाघाट

बॅटरीचं गणित अजून कळलं नाही. एक रात्र गाडी बंद ठेवून फ्रिज चालेल का, हो की नाही?

वीजतंत्री

निरोगी बॅटरी आणि चांगला फ्रिज असेल तर एक रात्र, हो.

तुमच्या डिझेल गाडीची बॅटरी साधारण ६०–७० अँपिअर-तासांची. ६५ धरली तर १२ ने गुणून ७८० वॉट-तास. पण गाडीची बॅटरी स्टार्टरला एकदम मोठा झटका द्यायला बनवलेली असते, हळूहळू पिळून काढायला नाही. अर्ध्याखाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे हातात फार तर ३५०–३९० वॉट-तास. आधीच गार झालेला फ्रिज रात्रीच्या हवेत सरासरी १५ वॉट घेईल, दहा तासांचे १५० वॉट-तास. जमतं. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर मात्र हे गणित विसरा.

एकाच ठिकाणी दोन दिवस गाडी उभी राहणार असेल, जसं काझ्यात, तर वेगळी सोय हवी. १२.८ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर ५१२ वॉट-तास, आणि त्यातले बहुतेक वापरता येतात. किंवा तयार पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा) घ्या. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र, आपला दाब गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, त्यामुळे दुसरी बॅटरी साध्या रिलेने जोडली तर ती पुरती भरत नाही. डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, तो दुसऱ्या बॅटरीला हवा तेवढा दाब देतो. आणि स्पितीसाठी लक्षात ठेवा, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज करायची नसते.

मेलबर्नवासी

इकडे ऑस्ट्रेलियात गाडीतला फ्रिज ही अगदी नेहमीची वस्तू आहे, म्हणून लिहितो. एंगेल, एआरबी, डोमेटिक ही नावं प्रत्येक कॅम्पवर दिसतात. एंगेलचे वीस-वीस वर्षं जुने फ्रिज अजून चालू असलेले पाहिलेत. डिकीत सरकता ट्रे, त्यावर फ्रिज, मागे दुसरी बॅटरी, छतावर सोलर.

पण याचं कारण इथली अंतरं. नलारबॉरचा पट्टा ओलांडायचा तर सेडूना ते नॉर्समन सुमारे १,२०० किलोमीटर, मधे रोडहाउस सोडले तर काही नाही. त्या वाटेवर मांस, दूध, भाजी सगळं बरोबर न्यावं लागतं. (त्यातही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळं, भाज्या, मध काढून घेतात, त्यामुळे फ्रिज भरताना तेही पाहावं लागतं.) तुमच्या वाटेवर दर तासाला ढाबा आहे, ताजं जेवण आहे, दुधाची पिशवी आहे. इथल्या लोकांचे व्हिडिओ पाहून ६० लिटरचा दोन कप्प्यांचा फ्रिज घेऊ नका. ४० लिटरचा रिकामाच १५–२० किलोचा असतो. भरल्यावर एकट्याने उचलवत नाही. पाच माणसांचं सामान कुठे ठेवणार?

मी तुमच्या जागी असतो तर १५ ते १८ लिटरचा छोटा काँप्रेसर फ्रिज घेतला असता. दहा किलोच्या आसपासचा. रात्री हातात धरून खोलीत नेता येतो, अ‍ॅडॉप्टरवर भिंतीच्या विजेला लावता येतो. मग दुसऱ्या बॅटरीचा सगळा प्रश्नच उरत नाही.

घाटमाथा

मेलबर्नवासींशी सहमत, पण १५ लिटरमध्ये एक लिटरची बाटली उभी राहते का ते दुकानात बाटली घेऊन जाऊन बघा. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. काँप्रेसरच्या वरची उथळ जागाही त्यात मोजलेली असते.

सोलरबद्दल: १०० वॉटचं पॅनल उन्हाळ्यात स्वच्छ आकाशाखाली दिवसाला साडेतीनशे-चारशे वॉट-तास देतं. चालत्या गाडीत, रोज हॉटेलात मुक्काम असताना त्याची गरज नाही. आणि आपल्या पावसाळ्यात तर त्याच्या भरवशावर राहूच नका.

सुरमईप्रेमी

औषध आणि लेकराचं दूध म्हटल्यावर माझा आग्रह नाही, छोटा फ्रिज घ्याच. पण पाण्याच्या बाटल्या, ताक, कैऱ्यांचं पन्हं हे सगळं बर्फाच्या पेटीत ठेवा. जाड भिंतीची पेटी घ्या, थर्मोकोल प्रवासात फुटतो. रस्त्यावरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो, त्यामुळे तो पेल्यात घालायचा नाही, बाटल्या फक्त बाहेरून गार करायच्या.

वीजतंत्री

ही दोन डब्यांची योजना मला सर्वांत पटली. यामागे एक हिशेबही आहे. दहा लिटर पाणी ३० वरून ५ अंशांवर आणायला सुमारे २९० वॉट-तास उष्णता काढावी लागते. छोट्या काँप्रेसरला त्यासाठी चार-पाच तास सतत धावावं लागेल. प्रत्येक थांब्यावर गरम बाटल्या आत टाकत राहिलात तर फ्रिज कधी विश्रांतीच घेणार नाही, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडताना औषधाचं तापमान हलेल. पाहुण्या वस्तू बर्फात, कायमच्या फ्रिजमध्ये. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज गार करून घ्या आणि आत जाणारी प्रत्येक गोष्ट घरच्या फ्रिजमधून थेट त्यात.

भटकी_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा झाली. १८ लिटरचा काँप्रेसर फ्रिज आणि एक जाड पेटी, असं ठरलं. सासूबाईंनी औषधवाली ताईंचा प्रतिसाद स्वतः वाचला, थर्मामीटर आधी मागवायला सांगितलाय.

दोन शंका उरल्यात. फ्रिज तिसऱ्या रांगेची सीट पाडून तिथे ठेवला तर चालेल का? आणि घेताना विकणाऱ्याला नेमकं काय विचारू?

वीजतंत्री

तिसऱ्या रांगेच्या जागी चालेल, पण पट्ट्याने घट्ट बांधा. जोरात ब्रेक लागला तर दहा-पंधरा किलोचा डबा पुढच्या माणसावर येतो. ज्या बाजूला जाळी आहे तिथे चार बोटं जागा मोकळी सोडा. त्यावर पिशव्या, शाली कोंबल्या की गरम हवा अडते आणि काँप्रेसर थांबतच नाही. घाटातल्या चढ-उताराची चिंता नको, हे फ्रिज ३० अंशांपर्यंतच्या कलाला बनवलेले असतात. आडवा पाडून आणला असेल तर मात्र काही तास सरळ उभा ठेवून मगच सुरू करा.

विकणाऱ्याला पहिलं विचारा: काँप्रेसर आहे का? "काँप्रेसरसारखंच गार करतो" असं उत्तर आलं तर उठून या. काँप्रेसर कोणत्या कंपनीचा, गॅस कोणता, हे पाटीवर लिहिलेलं असतं. बॅटरी संरक्षणाच्या पायऱ्या आहेत का, २३० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर सोबत मिळतो का, कंट्रोल बोर्ड सुटा मिळतो का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गॅस आपला गल्लीतला फ्रिजवालाही भरू शकेल, बोर्ड जळला आणि तो मिळाला नाही तर अख्खा फ्रिज भंगारात.

औषधवाली

घेतल्यावर लगेच प्रवासाला नेऊ नका. आधी घरी दोन दिवस चालवून थर्मामीटर पाहा. ५ वर लावल्यावर मधल्या टोपलीत खरोखर किती राहतं, किमान कितीपर्यंत उतरतं. २ च्या खाली जात असेल तर ६ वर लावा.

वीजतंत्री

हो, आणि एक रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीतच चालवून बघा. गाडी बंद, फ्रिजचं बॅटरी संरक्षण 'हाय' पायरीवर. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मल्टिमीटरने बॅटरी मोजा. १२.४ किंवा वर असेल तर वाटेतल्या तंबूच्या रात्रीची काळजी नको. १२.२ च्या खाली गेली असेल तर आधी बॅटरी तपासून घ्या, नाहीतर छोटं पॉवर स्टेशन सोबत न्या. आकडा इथे लिहा, मग वायरचं बघू.

भटकी_पुणेकर

नक्की. फ्रिज आला की करून बघते आणि आकडा टाकते.